मस्टर बंद झाल्यावर येणारा आजार : कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

प्रत : कर्मचारी राज्य विमा महामंडळ, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय.

विषय : अ‍ॅस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्या माजी कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना मिळणारी, खरं तर न मिळणारी, नुकसानभरपाई.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझ्याबरोबर काम केलेल्या एका सोबत्याच्या बायकोला गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयाचं पत्र आलं. अर्ज नामंजूर. कारण एका ओळीत : पतीनं सेवा सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत आजाराची लक्षणं दिसल्याचा पुरावा जोडलेला नाही. पाटण तालुक्यातल्या एका वाडीत राहणाऱ्या वहिनींनी ते पत्र मला फोनवर वाचून दाखवलं आणि विचारलं, "भाऊजी, हा पुरावा कुठं मिळतो?" मला उत्तर देता आलं नाही. ते तुम्ही द्यावं म्हणून हे पत्र, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड.

आधी मी कोण ते सांगतो. मी भांडुपला राहतो. 1979 साली मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि 2000 साली व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन बाहेर पडलो तेव्हा ग्राइंडिंग खात्यात ऑपरेटर होतो. ट्रक-बसचे ब्रेक लायनर आम्ही बनवायचो. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालक बदलले, कारखाना उठला, जागेवर टॉवर उभा राहिला. त्याच्याशी मला भांडायचं नाही. कायदा मात्र अजून जागेवर आहे आणि तो तुमच्या हातात आहे.

अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा, म्हणजे खाणीतून निघणारं एक तंतुमय खनिज, पोत्यांतून यायचा. मिक्सिंगवाला सुरीनं पोतं फाडायचा आणि मिक्सरच्या तोंडाशी उपडं करायचा. तो सोबती, ज्याच्याबद्दल वर लिहिलं, हेच काम वर्षानुवर्षं करत होता. पुढं साच्यात दाबून, भट्टीत भाजून लायनर तयार झाले की आमच्याकडं यायचे. आम्ही ते व्हीलवर घासून मापात आणायचो. घासताना उडणारी भुकटी करडी आणि पिठासारखी मऊ. ती भुवयांवर बसायची, कानामागं बसायची, जेवणाच्या डब्याच्या झाकणावर बसायची. एक्झॉस्ट होता. इन्स्पेक्टर यायचा त्या दिवशी तो जोरात चालायचा. पाळी सुटली की कॉम्प्रेसरच्या हवेची नळी एकमेकांच्या अंगावर मारून कपडे झटकायचो आणि झटकलेलं सगळं पुन्हा नाकातच घ्यायचो. संरक्षण म्हणाल तर तोंडाला बांधायला रुमाल, आणि रोज एक गुळाचा खडा. गूळ खाल्ला की घशातली धूळ पोटात उतरते आणि निघून जाते, असं आम्हाला सांगितलेलं होतं. आम्ही गूळ खात होतो आणि धूळ फुप्फुसात जात होती.

हा धागा डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक असतो. फुप्फुसात खोल गेला की तिथंच राहतो, विरघळत नाही, आणि त्याच्याभोवतीचं फुप्फुस हळूहळू निबर होत जातं. तो अ‍ॅस्बेस्टॉसिस. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध त्याला नाही. त्याच धाग्यानं फुप्फुसाचा कॅन्सर होतो आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा, होतो. यांतला कुठलाही आजार कामावर असताना सहसा पकडला जात नाही. दम लागायला दहा वर्षं जातात, वीस जातात. मेसोथेलिओमा तर तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. मी कारखाना सोडला तेव्हा घाटकोपर स्टेशनचा पूल पळत चढत होतो. माझं निदान 2016 साली झालं.

म्हणजे हा आजार येतो तो मस्टरवरून, म्हणजे हजेरीपटावरून, नाव गेल्यावर. तुमची सगळी व्यवस्था मात्र मस्टरवर नाव असलेल्या माणसासाठी उभी आहे. माझी तक्रार एवढी एकच आहे. पुढं जे लिहितो ते तिचेच फाटे समजा.

पहिला फाटा वहिनींच्या पत्रातला. 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली) हे आजार नाकारत नव्हता. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर होता, मेसोथेलिओमा होता, अ‍ॅस्बेस्टॉसिसही होता. कामातून झालेला आजार म्हणजे कामावरचा अपघातच, असं तो कायदा म्हणायचा. इथवर उत्तम. मग येतं कलम 10. नोकरी सुटल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर लक्षणं दिसली तो अपघाताचा दिवस धरायचा. आणि पंधराव्या वर्षी दिसली तर? त्या माणसासाठी कलमात शब्द नाही. जो आजार दोन वर्षांत दिसणं जवळजवळ अशक्य, त्याला दोन वर्षांची मुदत! अपघाती मृत्यूसाठी, हात मशीनमध्ये गेल्यासाठी दोन वर्षं पुष्कळ झाली. हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तोच हात होता.

पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांना आहे, हे मला ठाऊक आहे. युनियनच्या वकिलांनी ते समजावून सांगितलंय. पण त्याचा अर्थ असा की प्रत्येक आजारी माणसानं, किंवा त्याच्या विधवेनं, मुंबई-ठाण्याच्या कामगार न्यायालयात वकील देऊन उभं राहायचं, मालकाच्या वकिलानं 'हे वीस वर्षं झोपले होते का?' असं विचारायचं आणि मग साहेबांच्या मर्जीवर ठरणार. आजाराच्या स्वभावामुळं जो उशीर प्रत्येकालाच होतो, तो एकेकानं स्वतंत्रपणे माफ करून घ्यायचा, हा कुठला न्याय?

दुसरा फाटा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, आणि हा जरा नीट वाचावा, कारण इथं माणसं सगळ्यात जास्त हेलपाटे घालतात. ईएसआयला पगाराची मर्यादा असते. 1997 साली ती 6,500 रुपये झाली, आज 21,000 आहे. आमची युनियन बऱ्यापैकी जोरात होती. करार झाला, पगार वाढला, की मर्यादा ओलांडून आमच्यातले पुष्कळ जण ईएसआयच्या बाहेर फेकले जायचे. पुढं मर्यादा वाढली की पुन्हा आत. असं आत-बाहेर करत नोकरी संपली. धूळ मात्र दोन्ही काळांत सारखीच खाल्ली. आता ईएसआयकडं जावं तर उत्तर मिळतं, आजार उघडकीला आला तेव्हा तुम्ही विमाधारक नव्हता. मालकाविरुद्ध आयुक्तांकडं जावं तर समोरचा वकील जुन्या ईएसआय कायद्याचं कलम 53 काढतो : विमाधारकाला त्याच इजेसाठी मालकाकडून भरपाई मागता येत नाही. एकाच्या लेखी आम्ही विमाधारक नाही म्हणून बाद, दुसऱ्याच्या लेखी विमाधारक आहोत म्हणून बाद. दोन्ही कार्यालयांचे साहेब स्वभावानं वाईट नव्हते. एकानं तर चहाही पाजला. त्यांच्यापुढच्या फॉर्ममध्ये आमच्यासाठी रकाना नव्हता, इतकंच.

औषधपाण्याचंही तेच. निवृत्तीपर्यंत ईएसआयमध्ये राहिलेल्याला वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायको दोघांना उपचार मिळतात. ही खरोखर चांगली सोय आहे. पण पगार वाढल्यामुळं जो निवृत्तीआधीच बाहेर पडला, त्याला ती नाही. 2024 साली महामंडळानं ही अट थोडी सैल केली, पण अलीकडं निवृत्त झालेल्यांसाठी. आमची पिढी त्याही आधीची.

समजा हे सगळं पार करून एखादा वैद्यकीय मंडळासमोर पोचलाच. तिथं काय ठरवतात? कमावण्याची क्षमता किती टक्के गेली. आता अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त माणसाची कमावण्याची क्षमता ती कसली? आमच्यातल्या एकाला मंडळातल्या डॉक्टरांनी सरळ विचारलं, "तुम्ही तसेही कामावर जात नाही ना?" तो काय बोलणार. संडासाला जाऊन आलं की दहा मिनिटं खाटेवर बसून राहावं लागतं, आंघोळीला सून पाणी ओतते, रात्री आडवं होता येत नाही म्हणून उशा रचून बसून झोपतो, हे कुठल्या टक्क्यात बसतं? वर हिशेबाचा गुणक वयाबरोबर उतरत जातो. पासष्ट आणि पुढच्यांना तो सगळ्यात कमी, 99.37. भरपाई पगारावर ठरते आणि निवृत्ताला पगार नसतो. म्हातारपणीच येणारा आजार तरुण कामगाराच्या फुटपट्टीनं मोजायचा आणि मग 'केस किरकोळ आहे' म्हणायचं, असं चाललंय.

आता कागदांकडं येतो. 27 जानेवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांबद्दल निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कारखान्यांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी संपल्यावर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तिथपर्यंत जपून ठेवायची. माझा हिशेब करून बघा. 1979 अधिक 40 म्हणजे 2019. माझं निदान 2016 चं. त्या दिवशी माझी फाइल या देशात कुठंतरी असायलाच हवी होती. दरवर्षी आमचे छातीचे एक्स-रे काढले जात, मोठ्या खाकी पाकिटांतून जात, हे मला पक्कं आठवतं. रिपोर्ट कधी हातात दिला नाही. निदानानंतर माहितीच्या अधिकारात विचारलं तर 'सदर अभिलेख उपलब्ध नाही' असं उत्तर. कारखाना विकताना मशीन भंगारात गेल्या, लोखंडाचा किलोवर भाव झाला, जमिनीचा चौरस फुटावर झाला. एक्स-रेंची पाकिटं कोणी ताब्यात घेतली नाहीत. ती घेणं हे संचालनालयाचं काम होतं असं मी मानतो. नसेल, तर कोणाचं होतं ते कळवावं.

याच निकालात गुजरातमधल्या कामगारांसाठी आदेश होता की अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं आजार प्रमाणित केला की मालकानं तीन महिन्यांत एक लाख रुपये द्यावेत. यातली रक्कम आता जुनी झाली. पण पद्धत बघा. एका संस्थेनं तपासायचं, दाखला द्यायचा, ठरलेल्या मुदतीत ठरलेले पैसे. टक्के नाहीत, गुणक नाही. तीस वर्षांपूर्वी न्यायालयाला जे सुचलं ते कुठल्याही सरकारला धोरण म्हणून का सुचू नये?

निदानाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण शहरातल्या लोकांना हे दिसत नाही. मुंबईचा कामगार मुंबईत म्हातारा होत नाही. व्हीआरएसचे पैसे आले की कोणी पाटणला, कोणी जावळीला, कोणी चिपळूण-संगमेश्वरला गावी परत जातो, घर बांधतो, चार आंब्याची झाडं लावतो. तिथं दहा-बारा वर्षांनी खोकला सुरू होतो. तालुक्याचा डॉक्टर एक्स-रेवर डाग बघतो आणि टीबीच्या गोळ्या सुरू करतो. त्या डॉक्टरला दोष देत नाही. त्याच्याकडं येणाऱ्या दहा खोकल्यांतले पुष्कळसे टीबीचेच असतात आणि अ‍ॅस्बेस्टॉसिस त्यानं पुस्तकात परीक्षेपुरता वाचलेला. पण 'आधी काय काम करत होतात?' हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या सोबत्यानं टीबीचा कोर्स पुरा केला, गुण नाही म्हणून पुन्हा केला. शेवटी मुलानं त्याला मुंबईला आणून एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) काढला तेव्हा कळलं. तोवर बोटांची टोकं फुगून गोल झाली होती. या आजारात होतात तशी.

हे फक्त आमच्या ओळखीपाळखीतलं नाही. मुंबईतल्याच एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या 181 कामगारांच्या तपासणीचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यात 22 टक्के कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस निघाला होता. डॉक्टर आणि कामगार चळवळीतली माणसं मिळून हे करू शकतात, तर सगळं खातं हाताशी असलेल्या सरकारला काय अडचण आहे? जुन्या कारखाना कायद्याच्या कलम 89 प्रमाणे असा रुग्ण दिसला की डॉक्टरनं कारखाना निरीक्षकांना कळवणं बंधनकारक होतं. महाराष्ट्रात एका वर्षात अशी किती पत्रं येतात, एवढा एक आकडा जाहीर करा. बाकीचं पत्र मग लिहायची गरज उरणार नाही.

आणि मरण आलं की ते घरी येतं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहीतच नाहीत. आश्रितांसाठी अर्ज करायला गेलं की विचारतात, मृत्यू याच आजारानं झाला कशावरून? शवविच्छेदनाचा अहवाल आहे का? वाडीत माणूस गेल्यावर सकाळी सातला उचलायचा असतो हो. तिथं शवविच्छेदन कोण मागणार आणि कोण करणार?

बायकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या डांगऱ्या, म्हणजे कामावरचे कपडे, कोणी धुतल्या? आठवडाभराची ती करडी डांगरी चाळीच्या मोरीत आपटून, आधी दारात झटकून. धाग्याला काही मस्टर कळत नाही. धुणाऱ्या बायकोला, बापाच्या मांडीवर बसलेल्या पोरालाही हा आजार होऊ शकतो, हे वैद्यकात जुनं झालंय. ब्रिटननं 2008 साली मेसोथेलिओमाच्या रुग्णांसाठी जी योजना केली तीत नवऱ्याचे कपडे धुऊन आजारी पडलेली बाईही बसते. आपल्या कायद्यात ती कोणीच नाही. ती कर्मचारी नाही, विमाधारक नाही, आणि आश्रित म्हणावं तर नवरा ठणठणीत.

कंत्राटी कामगारांचंही नाव कुठं नाही. पोती उतरवणारे, सफाई करणारे ठेकेदाराचे होते. गिरण्यांच्या बॉयलर हाऊसमध्ये वाफेच्या पायपांचं लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारं आवरण) सोलणारे, रेल्वेच्या वर्कशॉपात तेच करणारे, रे रोडजवळ दारुखान्यात जुनी जहाजं हातानं तोडणारे, यांनी कधी 'अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात' काम केलं नाही, म्हणून त्यांची कुठं गणतीच नाही. 2006 साली क्लेमान्सो नावाची फ्रेंच युद्धनौका गुजरातमधल्या अलंगला तोडायला निघाली होती. तिच्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला की फ्रान्सला ती परत न्यावी लागली. त्या आधी आणि नंतर किती जहाजं गाजावाजा न होता तुटली असतील, याचा विचार दारुखान्यातल्या एखाद्या गॅस कटरवाल्याशी बोलताना करून पाहावा.

मग उरतात राज्याच्या नेहमीच्या योजना. संजय गांधी निराधार योजनेत क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग यांची नावं आहेत, 'यासारखे आजार' असंही म्हटलंय, पण तहसील कार्यालयात 'यासारखे' चालत नाही, यादीत नाव लागतं. कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 रुपये. एवढ्यात घर चालवणारा माणूस अजून जिवंत कसा, हा वेगळा विषय. अपंगत्वाचं कार्ड काढावं तर 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत फुप्फुस नाही. महात्मा फुले आरोग्य योजना दवाखान्यात भरती झाल्यावरची. आम्हाला भरती नको असते, घरात ऑक्सिजनचं मशीन आणि त्याचं लाइट बिल भरायला आधार हवा असतो. ईपीएसची (पीएफच्या पेन्शन योजनेची) किमान पेन्शन 2014 पासून हजार रुपयांवर थांबलेली आहे. ऑक्सिजनच्या मशीनचं भाडंही त्यात निघत नाही.

हे सगळं जमण्यासारखं नाही असं कोणी म्हणू नये. फ्रान्सनं 2000 साली कायदा करून अ‍ॅस्बेस्टॉसच्या रुग्णांसाठी स्वतंत्र निधी काढला. रुग्णाला आधी पैसे, जबाबदार मालकाकडून वसुली निधीनं मागून करायची. जपाननं 2006 साली कायदा केला. त्यात कारखान्याशेजारी राहून आजारी पडलेले आले आणि, वहिनींना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना, मुदत टळल्यामुळं ज्यांचा हक्क बुडाला अशा कामगारांच्या वारसांसाठी खास वेगळी रक्कम ठेवली. मुदतीचा नियम या आजाराला लागू पडत नाही हे तिथल्या संसदेनं सरळ मान्य केलं. आणि परदेश कशाला? राजस्थाननं 2019 साली सिलिकोसिससह (दगडाच्या धुळीनं होणारा आजार) धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांचं धोरण केलं. जिल्ह्यात मंडळ तपासतं, दाखला मिळाला की 3 लाख रुपये, मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख, शिवाय महिन्याची पेन्शन. खाणकामगाराला तिथं 'मस्टर दाखव' म्हटलं असतं तर एकालाही पैसा मिळाला नसता. कामगार चळवळीचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रानं हे राजस्थानकडून शिकायला हरकत नसावी.

अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घाला, ही मागणी या पत्रात करत नाही. ती करणारे पुष्कळ आहेत. पन्नासहून जास्त देशांनी ती घातलीय. आपण 1986 पासून खाणींना नवे पट्टे देणं थांबवलं आणि रशिया-कझाकस्तानातून माल आणत राहिलो. निसर्ग वादळानंतर रायगडात फुटलेले सिमेंटचे पत्रे लोक उघड्या हातांनी उचलत होते तेही सगळ्यांनी पाहिलं. तो वाद चालू राहील. आमच्याकडं तो संपेपर्यंत थांबायला वेळ नाही, म्हणून फक्त झालेल्या नुकसानीचं मागतो.

कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात, तेव्हा 'केंद्राचा कायदा आहे' एवढं सांगून हे पत्र खाली ठेवू नये. आमच्या मागण्या अशा :

मुदत निदानाच्या दिवसापासून मोजावी. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत जुने कायदे एकत्र केलेत आणि ती नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्या संदर्भात राज्याला जे नियम करता येतात ते करताना, आणि केंद्राला शिफारस करताना, धुळीच्या आजारांसाठी दोन वर्षांची अट काढावी. तोवर आयुक्तांना परिपत्रक काढावं की अशा दाव्यांत उशीर हे नामंजुरीचं कारण धरू नये. आणि मुदतीच्या कारणानं परत पाठवलेले अर्ज पुन्हा उघडावेत, वहिनींचा त्यात आला.

ईएसआय की मालक हा वाद तुमच्यात मिटवा. दोघांचं मिळून एकच मंडळ असावं. ते मुंबईपुरतं नको. सातारा, रत्नागिरी, रायगड, जिथं कामगार परत गेले तिथं ठरलेल्या दिवशी बसावं. त्यानं कमाईचे टक्के काढू नयेत, आजार आहे की नाही आणि किती पुढं गेलाय एवढंच सांगावं.

दाखला मिळाला की राज्याच्या निधीतून 5 लाख रुपये आणि महिन्याला जगण्यापुरती पेन्शन द्यावी, घरच्या ऑक्सिजनसह. मालक सापडला तर त्याच्याकडून वसूल करा, नाही सापडला तर तो शोधणं आजारी माणसाचं काम नाही. मृत्यूनंतर विधवेकडं शवविच्छेदन मागू नये. हयातीतला दाखला पुरेसा धरावा. दाखला काढायच्या आधीच माणूस गेला असेल तर एचआरसीटी आणि उपचाराचे कागद मंडळानं पाहावेत.

राज्यात आजवर ज्या ज्या कारखान्यांनी, गोद्यांनी, वर्कशॉपांनी अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं त्यांची वर्षांसह यादी संचालनालयानं जाहीर करावी. तिथं काम केल्याचा पुरावा म्हणून पीएफची स्लिप, जुनं ओळखपत्र, युनियनची पावती, नाहीतर दोन सहकाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र चालावं. कंत्राटी कामगार आणि कपडे धुणाऱ्या बायका यांनाही हेच लागू करावं. बंद पडणाऱ्या कारखान्याला नोंदी संचालनालयाकडं जमा केल्याशिवाय ना हरकत देऊ नये. आणि संजय गांधी योजनेच्या यादीत या आजाराचं नाव घालावं. त्याला एक शासन निर्णय पुरतो.

आमच्याकडं आमच्या खात्यांतल्या लोकांची यादी आहे. कोण कुठल्या गावी आहे, कोणाचा एचआरसीटी झालाय, कोण गेला, सगळं एका वहीत लिहिलेलं आहे. ती वही, रिपोर्ट आणि परत आलेले अर्ज घेऊन आम्ही तुमच्या भेटीला यायला तयार आहोत. संबंधित दोन्ही कार्यालयांच्या अधिकाऱ्यांना त्याच वेळी बोलवावं, म्हणजे एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं तर दुसरा समोरच असेल. वेळ लेखी कळवावी, गावाकडच्यांना एसटीनं यायचं असतं. आणि भेट शक्यतो तळमजल्यावर ठेवावी, नाहीतर त्या दिवशी लिफ्ट चालू असल्याची खात्री करून घ्यावी. आमच्यातल्या बऱ्याच जणांना जिना चढवत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्राइंडिंग ऑपरेटर,
भांडुप (पश्चिम), मुंबई